न्डोलोनं बनवलेला सायलेन्सर

मोलोच्या फाट्यावर मी बटाटे घ्यायला थांबलो नसतो, तर कदाचित आजही किनोती माझा मित्र असता.

फेब्रुवारीतली सकाळ होती. माझा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. मोलोतल्या एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांना कवळी बसवून मी नाकुरूला परत चाललो होतो. फाट्यावर बायका बादल्यांत बटाटे रचून बसतात, तिथे गाडी कडेला घेतली. गाडी म्हणजे माझी नव्याण्णव सालची हिरवी फॉरेस्टर. गेली सात वर्षं रविवार तिच्यापायी जातो. टर्बोची गाडी लांबून आली की लगेच बंद करायची नसते. मिनिट-दोन मिनिटं तशीच धडधडू द्यायची, म्हणजे टर्बो निवतो. मी काच खाली करून बादल्या बघत बसलो होतो.

शेवटच्या बादलीमागची बाई उठली. पंचेचाळीसच्या आसपासची, डोक्याला निळा रुमाल, पायात पुरुषी गमबूट. मला वाटलं गिऱ्हाईक गाठायला येतेय. ती माझ्याकडे न बघता सरळ गाडीच्या मागे गेली आणि वाकून उभी राहिली.

मी किल्लीला हात घातला तशी ती ओरडली, "बंद करू नको!"

"का? काय झालं, बाई?"

"जरा पाय दाब. ओरडव गाडीला."

माझ्या गाडीचा आवाज ऐकायला आवडणारे लोक भेटतात अधूनमधून. मी हसत पाय दाबला आणि सोडला. इंजिन गरजून खाली आलं आणि सायलेन्सरमध्ये नेहमीचं ते खुळखुळ झालं, डब्यात सुका घेवडा हलवावा तसं. आतली एक पट्टी सुटली होती, त्यामुळे ते व्हायचं. मला तो आवाज लाडका होता.

बाई हसली नाही. ती पुढे आली आणि बंपरवरून हात फिरवायला लागली, गाईच्या सडाला सूज आहे का चाचपावं तसा. डावीकडून उजवीकडे, मग दिव्यांवरून, मग बॉनेटच्या कडेवरून. मग म्हणाली, "तोंड धड आहे. पण गळा तोच."

"कुणाचा गळा?"

"ही गाडी कुणाची?"

"माझीच. सात वर्षं झाली."

"गेल्या जुलैत, दुसऱ्या मंगळवारी, पहाटे साडेपाचला तू कुठे होतास, बाबा?"

आता बाकीच्या बायकाही उठून जवळ आल्या होत्या. त्यांच्यातली एक माझ्या दाराला टेकूनच उभी राहिली, म्हणजे मला दार उघडता येऊ नये. तिच्याकडूनच मला कळलं की या बाईला चेलिमोची आई म्हणतात, आणि तिचा नवरा किबेट गेल्या जुलैत याच रस्त्यावर, इथून दोन किलोमीटरवर गेला. तो सायकलला दुधाचे कॅन बांधून डेअरीच्या गाडीपाशी निघाला होता. बायको बरीच मागे होती, कारण वासरू सुटलं होतं. धुकं असं की स्वतःचे पाय दिसेनात. तिनं दणका ऐकला. मग एक गाडी थांबल्याचं ऐकलं. दार उघडलं, आणि बराच वेळ गाडी नुसती धडधडत राहिली. मग दार लागलं, गाडी ओरडली, खुळखुळली आणि गेली.

"मी पोचले तेव्हा सगळा रस्ता दुधानं पांढरा," चेलिमोची आई म्हणाली. "त्याचा श्वास चालू होता, पण बोलत नव्हता. दोन दिवसांनी गेला. गाडी कुणी पाहिली नाही. मी ऐकली."

"अहो, असल्या आवाजाच्या गाड्या नाकुरूत शंभर आहेत. या गाडीचं इंजिनच तसं असतं."

"माहितीय मला. सात महिने इथं बसून शंभर ऐकल्या. खुळखुळणारी आज पहिली." तिनं कमरेच्या पिशवीतून पेनाचा तुकडा काढला आणि माझा नंबर तळहातावर लिहून घेतला.

बटाटे न घेताच मी निघालो. सुरुवातीला राग आला होता. वेडी आहे बाई, असं दोन-तीनदा मोठ्यानं म्हटलंसुद्धा. शिवाय माझ्याकडे पक्का पुरावा होता. गेल्या जुलैत माझ्या गाडीचं इंजिन शेडमधल्या टेबलावर होतं. गॅस्केट बदलायला सगळं खोललं होतं आणि माकेनानं, माझ्या बायकोनं, स्वयंपाकाच्या मोरीत तेलकट झाकणं सापडली म्हणून माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. म्हणजे ती गाडी माझी असणं शक्यच नव्हतं. एल्बर्गोनचा चढ येईपर्यंत मी निश्चिंत होतो.

चढावर पाय उचलला आणि मागे खुळखुळ झालं. तेव्हा आठवलं की हा सायलेन्सर जुलैत माझ्या गाडीला नव्हताच. तो मला सप्टेंबरात किनोतीनं दिला.

किनोती आणि मी दोघेही मेरूकडचे, नाकुरूत एकाच वर्षी आलो. तो गुरांचा डॉक्टर. पहाटे उठून गावोगाव गाई बघत हिंडायचा, आणि त्या कामाला त्यानं घेतलेली गाडी म्हणजे दोन हजार एक सालची निळी इम्प्रेझा, माझ्या फॉरेस्टरच्याच कंपनीची, गोल डोळ्यांची, म्हणजे गोल दिव्यांची. आम्हाला या जुन्या गाड्यांचं वेड लागलं ते एकमेकांमुळे. आम्ही आठ-दहा जण दर रविवारी तळ्याजवळच्या मोकळ्या मैदानावर जमायचो, बॉनेट उघडायचो, चहा पीत आणि मांदाझी, म्हणजे तळलेले गोड पाव, खात एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायचो. त्यात किनोतीचा शब्द शेवटचा. कुणाची गाडी आजारी असली की तो कान लावायचा, गाईचं पोट ऐकावं तसा.

आणि हा माणूस चिक्कू! त्याच्याकडचा एक बोल्टसुद्धा उसना घेतला तर तो दुसऱ्या दिवशी मागायला यायचा. त्यानं न्डोलो वेल्डरकडून हौसेनं बनवून घेतलेला सायलेन्सर मला फुकट दिला, तेव्हा मी त्याचे आभार मानून मोकळा झालो होतो. "बायको म्हणते, कानठळ्या बसतात," तो म्हणाला होता. त्याची बायको तर त्याच्यापेक्षा जोरात गाडी हाणते. हे मला तेव्हा का सुचलं नाही?

घरी येऊन जेवलो नाही. फोनमधले फोटो काढून बसलो. आमच्यासारखी माणसं प्रत्येक नटाचा फोटो काढतात, जोडताना चूक नको म्हणून. जुलैतले फोटो सापडले. दुसऱ्या मंगळवारनंतरचा शनिवार.

त्या शनिवारी आम्ही किनोतीच्या गाडीचं तोंड बदललं होतं. गोल डोळे काढून पुढच्या सालचं लांबट डोळ्यांचं तोंड बसवायचं, हे आमच्यात बरेच जण करतात. दिवे, बंपर, बॉनेट, पंखे, सगळं बदलावं लागतं. किनोती वर्षानुवर्षं म्हणायचा की गोल डोळ्यांसारखं रूप नाही. आणि एकाएकी गुरुवारी नैरोबीहून नवं तोंड घेऊन आला.

"एवढी घाई?" मी विचारलं होतं.

"मिळतंय तोवर घेतलं. तू पाना आण, दातवाल्या, भाषण नको."

मी पोचलो तेव्हा जुना बंपर आणि दिवे त्यानं आधीच काढून कुठेतरी टाकले होते. रेडिएटरपुढची लोखंडी पट्टी डावीकडे आत गेली होती. "आधीच्या मालकाचं पाप," तो म्हणाला. आम्ही पट्टीला साखळी बांधली, साखळीचं दुसरं टोक त्याच्या अंगणातल्या अवाकाडोच्या झाडाला, आणि गाडी हळूहळू मागे घेऊन पट्टी सरळ केली. फोटोत मी साखळीशेजारी दात काढून उभा आहे.

रेडिएटर मी धुतला होता. पाणी मारल्यावर त्याच्या जाळीतून आंबट, करपलेला वास आला होता. मी नाक दाबून म्हटलं होतं, "डॉक्टर, गाडीत दूध उकळता की काय?" आणि तो म्हणाला होता, "गाईंच्या माणसाच्या गाडीला गुलाबाचा वास येणार का?"

मी खूप हसलो होतो.

"काय बघताय एवढं?" माकेनानं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणताना घाम येतो का माणसाला?"

मी तिला सांगितलं नाही. सांगायला काय होतं? आवाज, वास, आणि एक वाकडी पट्टी. मनात मी किनोतीची वकिली करत होतो आणि तेच मन उलटतपासणीही घेत होतं. गुरांचे डॉक्टर मोलोला जातातच. पट्टी खरंच आधी वाकली असेल. पण मग गेल्या जुलैपासून तो मोलोच्या गाई दुसऱ्या डॉक्टरकडे का पाठवायला लागला?

दुसऱ्या दिवशी न्डोलोच्या वर्कशॉपवर गेलो. तो फाटकाचे गज जोडत होता. गाडी सुरूच ठेवून विचारलं, "हा सायलेन्सर तुझ्या हातचा ना?"

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "माझाच. खुळखुळतोय अजून? डॉक्टरला म्हटलं होतं, घेऊन ये, पट्टी चिकटवून देतो. तो म्हणाला, राहू दे, ओळख आहे ती."

"असा आणखी कुणाला बनवून दिलास?"

"छे. गॅसच्या जुन्या टाकीचा पत्रा होता तो, एकाचाच निघाला. का रे? तक्रार आहे?"

"नाही, नाही."

"मग असा चेहरा का केलास?"

शनिवारी मी तो सायलेन्सर काढला, शेडमध्ये कवळ्यांच्या प्लास्टरच्या पोत्यांमागे ठेवला आणि गाडीचा मूळचा पुन्हा चढवला. रविवारी मैदानावर गेलो तेव्हा माझी गाडी मांजरासारखी आली. किनोती त्याच्या बॉनेटवर टेकून मांदाझी खात होता. मी उतरायच्या आत त्यानं विचारलं, "आवाज कुठे गेला?"

"काढला. माकेनाला झोप लागत नाही."

"नीट ठेवलायस ना?"

"ठेवलाय. डॉक्टर, तुमचं ते जुनं तोंड कुठाय हो? गोल डोळ्यांचं? एक जण विचारत होता."

त्याचा हात तोंडाकडे जाता जाता थांबला. "कोण?"

"आहे एक, न्जोरोचा."

"भंगारात गेलं. तुला माहितीय की."

"मला कुठे माहितीय? मी आलो तेव्हा काढलेलंच होतं."

बाकीचे हसत होते, कुणाच्या तरी गळक्या गाडीवरून. किनोती हसला नाही. थोड्या वेळानं तो माझ्याजवळ आला, खांद्यावर हात टाकला आणि एकदम गोड आवाजात म्हणाला, "म्वेंडा, लेका, तो सायलेन्सर तू वापरत नसशील तर मला परत दे. आठवण येते रे त्याची."

"देतो की. शोधून देतो."

"शोधून? आत्ता म्हणालास ठेवलाय."

बारा वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघं एकमेकांकडे अनोळखी माणसासारखं बघत होतो. त्याला कळलं होतं की मला काहीतरी कळलंय. नेमकं किती, याचा तो अंदाज घेत होता.

सोमवारी ती आली. मी कामाच्या टेबलावर मेणाचे दात लावत होतो आणि दारात निळा रुमाल दिसला. नंबरावरून विचारत विचारत तिनं मला गाठलं होतं. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"तू नाहीस तो," ती म्हणाली. "शेजाऱ्यांकडे चौकशी केली मी. तुझी गाडी तेव्हा मोडलेली होती."

"हो."

"पण तुला ठाऊक आहे कोण ते."

मी मेणाच्या दातांकडे बघत राहिलो. "मला नक्की काही ठाऊक नाही."

"त्या दिवशी गाडी ओरडली तेव्हा तुझं तोंड हसरं होतं. मी जुलै म्हटलं तेव्हाही तू रागावलास, घाबरला नाहीस. आता घाबरलायस. हे बघ, बाबा. त्याला फाशी दे असं मी म्हणत नाही. माझ्या मनात एकच आहे. तो माणूस गाडीतून उतरला होता. बराच वेळ उभा होता तिथे. मी पोचले तेव्हा किबेटची वाचा गेली होती. त्याच्याआधी तो काही बोलला का, एवढं त्या एकट्या माणसाला माहितीय. माझ्यासाठी काही बोलला असेल. पोरीसाठी. ते त्या माणसाकडे पडून आहे आणि ते माझं आहे."

ती गेली. त्या दिवशी मी लावलेले दात सगळे तिरके आले.

मंगळवारी दुपारी चारला मी घरी आलो तर माकेना अंगणात हाताची घडी घालून उभी.

"किनोती आला होता. म्हणाला, म्वेंडानं सायलेन्सर न्यायला सांगितलंय."

"दिलास?"

"दिला."

मी शेडकडे धावलो. पोत्यांमागे हात घातला. सायलेन्सर होता तिथेच.

माकेना मागून आली. "तुमच्या ढिगाऱ्यातला एक गंजका दिला पोत्यात बांधून. मी इतकी वर्षं म्हणतेय कचरा फेका, आज पहिल्यांदा कामाला आला." मग ती हसायची थांबली. "बारा वर्षांत किनोती कधी चहा न घेता गेला नाही. आज उंबऱ्याच्या आत आला नाही. आणि तुम्ही पाच दिवस भुतासारखे हिंडताय. मी काय आंधळी आहे? आता सांगा."

मी सांगितलं. ती प्लास्टरच्या पोत्यावर बसून सगळं ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "जा त्याच्याकडे. पण हा इथेच राहू दे."

किनोती त्याच्या अवाकाडोखाली उभा होता. पोतं सोडलेलं, गंजका सायलेन्सर पायाशी. मला बघून म्हणाला, "तुझ्या बायकोनं मला भंगार दिलं."

"न्यायला मी सांगितलंच नव्हतं, डॉक्टर."

"खरा कुठाय?"

"मोलोच्या रस्त्यावर एक बाई बसते. सात महिने गाड्या ऐकतेय."

त्यानं पायाशी पडलेला सायलेन्सर बुटानं बाजूला सारला. मग एकदम मोठ्यानं हसला. "आवाज! कोर्टात आवाज उभा करणार का तू? काय नाव लिहिणार त्याचं?"

"रेडिएटरला दुधाचा वास येत होता."

"मग तू धुतलास ना तो! पट्टी कुणी ओढली? फोटो बघ तुझ्याच फोनमधले, कोण उभं आहे साखळीपाशी. मी बुडालो तर तूही बुडशील, म्वेंडा."

"म्हणजे तुम्हीच होता."

तो उत्तर न देता घरात गेला आणि आतून कडी लावली. एक प्रश्न तेव्हाही घशात होता, आजही आहे. तो सायलेन्सर त्यानं तोडून का टाकला नाही? न्डोलोनं घडवलेली वस्तू मोडवेना म्हणून? की उद्या कुणी तो आवाज ओळखलाच तर तो माझ्या गाडीतून यावा म्हणून? पुढे मी त्याला हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मलाच माहीत नाही रे." मला ते खरंही वाटत नाही आणि खोटंही वाटत नाही.

बुधवारी सकाळी मी सायलेन्सर मागच्या सीटवर ठेवून मोलोला गेलो. चेलिमोच्या आईला सगळं सांगितलं. पट्टी मी ओढली, रेडिएटर मी धुतला, फोटोत मी हसतोय, हे आधी सांगितलं. तिनं फोन हातात घेऊन तो फोटो बराच वेळ पाहिला.

"तुला वास आला होता," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू विचारलं नाहीस."

"विचारलं. गमतीत."

तिनं फोन परत दिला. आम्ही दोघं ठाण्यात गेलो. मी जबानी लिहून दिली, सायलेन्सर ठेवून घेतला गेला. किनोतीला बोलावलं गेलं, मग अटक झाली, मग जामीन. या काळात मैदानावरच्या मित्रांनी मला वाळीत टाकलं असं नाही म्हणता येणार, पण मी आलो की उघडी बॉनेटं मिटायला लागली. एकानं तोंडावर सांगितलं, "उद्या माझ्या गाडीचा वास घेऊन कुठे जाशील, काय भरवसा?"

तीन आठवड्यांनी किनोतीच्या काकांचा फोन आला. किनोती गुन्हा कबूल करणार होता. त्याआधी त्याला त्या बाईला भेटायचं होतं, आणि मी तिथे असावं असं तिनंच सांगितलं होतं.

तिच्या अंगणात आम्ही बसलो. तिच्याकडचे दोन म्हातारे, किनोती, त्याचे काका, मी. चहा ठेवला होता, कुणी हात लावला नाही. किनोती बारीक झाला होता. म्हाताऱ्यांनी प्रार्थना म्हटली. किनोती माफीचं काहीतरी बोलायला लागला तर तिनं हात वर केला.

"ते नंतर. आधी सांग. तो बोलला का?"

किनोतीनं मान खाली घातली. "बोलला."

"काय?"

"मी उतरलो. मला वाटलं, वासरू असेल. कुठल्या तरी गाईचं अडलं होतं, मी घाईत होतो. जवळ गेलो तर हा. डोळे उघडे होते. यानं मला ओळखलं. आधीच्या वर्षी तुमची गाय मीच सोडवली होती. आडवं वासरू होतं. त्याला कळलंच नाही की मीच धडक दिलीय. तो म्हणाला, डॉक्टर, बरं झालं तुम्ही आलात."



"आणि?" ती म्हणाली.

"एवढंच. मग डोळे मिटले. मला वाटलं, गेला. त्यानं मला ओळखलं होतं, याचीच भीती वाटली मला. मी निघून गेलो."

चेलिमोच्या आईनं ते शब्द स्वतःशी एकदा म्हटले, अगदी हळू. मग किनोतीला म्हणाली, "म्हणजे तो घाबरलेला नव्हता."

"नाही."

"त्याला वाटलं, मदत आली."

"हो."

ती उठली आणि घरात गेली. आतून पोरीशी बोलल्याचा आवाज आला, मग दोघींच्या रडण्याचा. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. किनोतीकडे न बघता म्हाताऱ्यांना म्हणाली की आता कोर्टानं जे करायचं ते करू दे, तिला आणखी काही विचारायचं नाही. माफ केलं असं ती म्हणाली नाही. काकांनी दोनदा आडून विचारलं, तरीही नाही.

निघताना मी म्हटलं, "काही लागलं तर सांगा."

"तुझ्या गाडीतून मी कधी बसणार नाही," ती म्हणाली. "बाकी, बटाटे घ्यायचे असले तर थांबत जा."

किनोतीला शिक्षा झाली. त्याची गाडी कोर्टाच्या आवारात ताडपत्रीखाली उभी आहे, टायर बसलेत. त्याच्या बायकोशी माकेना अजून बोलते, मला ते जमत नाही.

मी रविवारी आता घरीच काम करतो. हळूहळू माणसं परत यायला लागली, कारण गॅस्केट बसवणारा हात नाकुरूत दुसरा चटकन सापडत नाही. गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या शाळेतला एक शिक्षक आला, त्याला गोल डोळे काढून नवं तोंड बसवायचं होतं. मी खाली वाकून पट्टी पाहिली. उजवीकडे वाकली होती.

"ही कशानं वाकली?" मी विचारलं.

"फाटकाला लागली. का?"

"कुठल्या फाटकाला?"

"शाळेच्या. अहो, तुम्हाला काम करायचंय की चौकशी?"

"फाटक बघून येतो आधी," मी म्हटलं.

तो चिडून गाडी घेऊन गेला. मी हात धुतले आणि शाळेच्या रस्त्याला लागलो.